दहा बायकांची एक कंबर

रांगेत कसं उभं राहावं हे आमच्या सासूबाईंना विचारावं. त्याची परीक्षा असती तर त्या पहिल्या आल्या असत्या. देश सुटल्यापासून या इमारतीत दोन खोल्या मिळेपर्यंत त्यांनी इतक्या रांगा काढल्या, की खिडकीत बसलेला माणूस जेवून आलाय की उपाशी आहे हे त्यांना लांबूनच कळतं. त्यांचा नियम एकच. कोट घातलेल्या माणसापुढं आजारी दिसायचं नाही. खोकला आला तर गिळायचा, गुडघा ठणकला तर हसायचं. वाटेतल्या प्रत्येक छावणीत असा एक कोटवाला भेटायचा. धडधाकट लोकांना तो बसमध्ये चढवायचा आणि उरलेल्यांना म्हणायचा, "तुमचं पुढचं बघू." त्या लोकांचं पुढं काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

हे सगळं मी त्यांच्या शेजारी उभी राहून पाहिलंय. त्यामुळं त्यांच्या भीतीला मी हसत नाही. पण त्या भीतीपायी त्यांनी जो उद्योग केला, त्याने माझं डोकं फिरलं, आणि ते अजून धड जागेवर आलेलं नाही.

आमच्या इमारतीच्या तळघरात जुने कपडे निवडायचा कारखाना आहे. गाठोडी येतात, बायका ती सोडतात, बरं एका बाजूला, फाटकं दुसऱ्या बाजूला. खिडकी एकही नाही. सकाळी अंधारात खाली उतरायचं आणि संध्याकाळी अंधारात वर यायचं. ऊन काय ते रविवारी दिसलं तर दिसलं, आणि रविवारी आमच्या बायका पडदे ओढून झोपतात. त्यात प्रत्येकीच्या अंगावर छावणीतली उपाशी वर्षं. मग एके दिवशी दोन गल्ल्या पलीकडच्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाई आली. पोरगेलीच होती, पण बोलणं स्पष्ट. पन्नाशीपुढच्या सगळ्या निर्वासित बायकांची हाडं तपासायची म्हणाली. आमच्या इमारतीत अशा दहा जणी, सासूबाई धरून. भाषा मला येते, म्हणून भाषांतर माझ्याच गळ्यात पडलं.

"हाडं आतून पोकळ होत जातात," ती म्हणाली आणि मी सांगितलं. "दुखत नाही, खुपत नाही. बाई एक दिवस नुसती खुर्चीवरून घसरते आणि खुबा मोडून बसते. म्हणून आधीच बघायचं. दूध, दही, तीळ, छोटे मासे खायचे, उन्हात बसायचं, पायी चालायचं."

सासूबाईंनी हात वर केला. "आणि आमची पोकळ निघाली तर?"

मी विचारलं. डॉक्टरीणबाई गोड हसली. "तर मग पुढचं बघू."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. माझं मेलीचं लक्षच नव्हतं. दहाच्या दहा बायकांचे चेहरे पांढरेफटक पडले आणि मला वाटलं, खुबा मोडायच्या कल्पनेने पडले असतील.

हाडं तपासायचं मशीन एका गाडीत बसवलेलं होतं. ती गाडी आठवडाभर आमच्या दारात उभी राहणार होती आणि रोज दोघी-तिघींचा नंबर लागणार होता. मी एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करते. त्या आठवड्यात पाहुण्यांची झुंबड होती. मी सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. घरी आल्यावर विचारायची, "आई, झाली का तपासणी?" सासूबाई म्हणायच्या, "झाली की. काही दुखलं नाही." यात खोटं एका अक्षराचं नव्हतं. त्यांना दुखलं नव्हतंच.

आता पैलवानबद्दल सांगायला हवं.

पैलवान ही एक बाई. वय पंचेचाळीस, तोंड वाटोळं, मान आखूड, खांदे कपाटासारखे. आम्हाला ती दुसऱ्या छावणीत भेटली. तिचं मागे कुणी उरलं नव्हतं, आणि सासूबाईंना चालवत नव्हतं. तिने एक शब्द न बोलता त्यांना पाठुंगळी घेतलं आणि डोंगर ओलांडून पलीकडे नेऊन ठेवलं. तेव्हापासून ती आमच्याकडेच आहे. आमच्या पुढच्या खोलीत कपाटामागे तिची गादी असते. इमारतीची लिफ्ट बंद असते, म्हणून ती सासूबाईंना रोज पाठीवरून तिसऱ्या मजल्यावर आणते. शेजारणींची गाठोडी, गॅसच्या टाक्या, कोणाचा मोडका पलंग, सगळं पैलवानच उचलते. ती आमची कोण, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. कुणी विचारलंच नाही. तीही सगळ्यांसारखं सासूबाईंना "आत्या" म्हणायची आणि पानात पडेल ते खायची.

पंधरवड्याने दवाखान्यातून निरोप आला, दहाही जणींनी एकदम यावं. मी रजा टाकली आणि आमची वरात निघाली. पुढं सासूबाई पैलवानच्या पाठीवर, मागे शिंपीणबाई, मास्तरीणबाई आणि बाकीच्या. सगळ्या अशा खुशीत, जणू बक्षीस समारंभ आहे. मास्तरीणबाईंनी तर आभाराची चार वाक्यं पाठ केली होती.

डॉक्टरीणबाईचा चेहरा मात्र उतरलेला होता.

"मी रोज हेच काम करते," ती म्हणाली, "पण इतकी वाईट हाडं मी पाहिली नाहीत. दहाही जणींची. कंबर वाईट, खुबा वाईट. सत्तरीच्या आजींची वाईट आणि एक्कावन्नच्या बाईंचीही तितकीच वाईट."

मी भाषांतर केलं. सासूबाई अजून हसतच होत्या, ते हसू तसंच गोठून राहिलं. मग एक विचित्र गोष्ट घडली. दहाही बायकांनी हळूच माना वळवल्या आणि दाराकडे पाहिलं. दारात पैलवान सगळ्यांचे कोट हातावर घेऊन उभी होती. तिचं तोंड उघडं पडलं होतं.

"पण थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाली, "मला यात काहीतरी घोळ वाटतोय. दहाही जणींचं वजन अगदी सारखं भरलंय. उंचीही तेवढीच." तिने एकदा वाळक्या मास्तरीणबाईंकडे आणि एकदा गुबगुबीत शिंपीणबाईकडे पाहिलं. "दहाही जणींच्या पाठीत तोच एक मणका दबलेला आहे. आणि दहाही जणींच्या पोटावर, डाव्या बाजूला, एक सेफ्टी पिन दिसते."

पैलवानने हातावरचे कोट पोटाशी घट्ट धरले.

"मशीन बिघडलंय," ती हताशपणे म्हणाली. "एकच चित्र पुन्हा पुन्हा दाखवतंय. मशीनवाल्याला मी चांगलं फैलावर घेतलं. बिचारा शपथा घेत होता. मशीन दुरुस्तीला पाठवलंय. तुमचे सगळे निकाल मी रद्द करते. तुम्हाला घाबरवलं, माफ करा."

मी सांगितलं तशी एकीने टाळीच वाजवली. पैलवानने सुटकेचा एवढा मोठा सुस्कारा टाकला, की हातातले कोट खाली पडले. मास्तरीणबाईंनी आभाराची चार वाक्यं म्हणून दाखवली. मी मठ्ठासारखी उभी होते. दाल में कुछ काला आहे एवढं कळत होतं, पण डाळ कोणती ते कळत नव्हतं.

रस्त्यात मास्तरीणबाईंना राहवेना. त्या माझ्याजवळ सरकल्या आणि अभिमानाने म्हणाल्या, "मी पाठ करून घेतलं होतं हो तिच्याकडून. प्रत्येकीचं नाव, प्रत्येकीचं जन्मसाल. एकदाही चुकली नाही."

"कोण चुकली नाही?"

"पैलवान. दहाही वेळा गाडीत तीच गेली ना! दर वेळी दुसरा कोट, दुसरा स्कार्फ. मशीनवाला बघतो पडद्याकडे, बाईच्या तोंडाकडे बघायची त्याला गरज काय? तसंही त्याला आपण सगळ्या सारख्याच दिसतो. आत्यांचा नंबर होता तेव्हा तर ही टुणकन उडी मारून टेबलावर चढली. तो म्हणाला, सत्तरीत काय तब्येत आहे!"

"पण का?" मी ओरडले. रस्त्यातली दोन माणसं थांबली.

"का म्हणजे? तूच नाही का सांगितलंस, पोकळ निघाली तर पुढचं बघतील? आत्या म्हणाल्या, आपल्यातली सगळ्यात दणकट कोण, तर पैलवान. तिलाच पाठवा. सगळ्या पास होऊ."

मला हसू आलं. अगदी पोट धरून हसले. हसता हसता मी मनाशी जुळवायला लागले. दहा तपासण्या. एक वजन. एक मणका. एक सेफ्टी पिन. म्हणजे मशीन बिघडलेलं नव्हतं. म्हणजे ती हाडं खरीच होती, आणि ती—

मी पळत सुटले.

जिन्याखाली पोचले तेव्हा उशीर झाला होता. पैलवान सासूबाईंना पाठीवर घेऊन पहिला मजला चढून वर गेली होती, वर काखेत बटाट्यांची पिशवी.

"थांब!" मी किंचाळले. "हलू नकोस! खाली ठेव त्यांना!"

पैलवान थांबली. खाली ठेवायला ती वाकणार, तेवढ्यात मी पुन्हा किंचाळले, "वाकू नकोस!"

"वाकू नको तर ठेवू कशी?"

हा प्रश्न बिनतोड होता. एव्हाना बाकीच्या बायका धापा टाकत आल्या होत्या. शिंपीणबाई म्हणाली, भिंतीला टेक. मास्तरीणबाई म्हणाल्या, मागे फिर. कुणीतरी वरच्या मजल्यावरून खुर्ची आणायला धावलं, ती खुर्ची जिन्याच्या वळणावर अडकली आणि तिच्यामागे ती बाईही अडकली. सासूबाई पाठीवरून राज्य करत होत्या. "आधी मला सांगा, झालंय काय? आग लागली का?"

"आई, मशीन बिघडलेलं नाही," मी म्हणाले. "चित्र एकच येणार, बाई एकच होती म्हणून. ती पोकळ हाडं पैलवानची आहेत. तुम्ही बसलाय त्या पाठीची."

सासूबाईंनी दोन्ही हातांनी जिन्याचा कठडा पकडला आणि म्हणाल्या, "मला इथं लोंबकळू द्या. ती खालून निघू दे."

शेवटी सहा जणींनी मिळून त्यांना उतरवलं. कुणी पाय धरला, कुणी दंड, आणि शिंपीणबाईने, देव तिचं भलं करो, त्यांची वेणी धरली. बटाटे घरंगळत तळमजल्यापर्यंत गेले.

"तुम्हाला वेड लागलंय," पैलवान म्हणाली. "मी बैल आहे बैल. मला काय होतंय?" आणि ती वाकून बटाटे गोळा करायला लागली. आम्ही दहा-अकरा जणी एकाच वेळी ओरडलो.

पुढचे चार दिवस पैलवानला फार वाईट गेले. सरळ जाऊन डॉक्टरीणबाईला सांगू, असं मी म्हणाले, तर सगळ्या अंगावर आल्या. दहा बायकांनी सरकारी तपासणीत फसवलं, हे कबूल करायचं? मग राहायचा परवाना राहील का? आणि पैलवानला नुसती न्यावी, तर ती पन्नाशीच्या आतली, तिचा नंबर कुठंच नव्हता. तेव्हा सासूबाईंनी ठरवलं, घरीच उपाय करू. डॉक्टरीणबाईचं भाषण आठवेल तसं त्यांनी अमलात आणलं. सकाळी उठल्याबरोबर पैलवानला दूध. तासाभराने दुसरीकडून दूध. मग दही, मग तीळ, मग कुणाच्या तरी घरून छोटे मासे, मग पुन्हा दूध. मग तिला खुर्चीत घालून इमारतीच्या दारात उन्हाला ठेवायचं. ऊन सरकलं की दोघी जणी खुर्ची सरकवायच्या. ती उठली की धरायला चार, शिंकली तरी चार. चमच्यापेक्षा जड काही उचलू देत नव्हतो. गाठोड्यातून निवडून आणलेली उशी शिंपीणबाईने तिच्या कमरेला दोरीने बांधली, पडली तर मऊ पडावी म्हणून.

रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस तिच्याकडे बघायचा. मलाही हसू यायचं. ती मात्र हसत नव्हती.

चौथ्या दिवशी कामावरून आले तर कपाटामागची गादी गुंडाळलेली. पैलवान तिला दोरी बांधत होती.

"हे काय?"

"जाते," ती म्हणाली. "तळघरात झोपायला जागा देतील."

"का पण?"

तिने दोरीची गाठ घट्ट ओढली. "मला घरात घेतलं ते पाठ रुंद म्हणून. सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. त्याचं वाईट वाटून घेतलं नाही कधी. उचलत होते तोवर ठीक होतं. आता चमचा उचलायची सोय नाही, तर फुकट दूध पिऊन कुणाच्या घरात राहू?"

मला रागही आला आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आलं की मी ओरडते. "मूर्ख आहेस तू! ठेव ती गादी!"

"बघ, मूर्ख कोण आहे ते," ती म्हणाली, आणि मला कळायच्या आत तिने कपाटाला मिठी मारली. ते कपाट तिने एकटीने तीन मजले चढवून आणलेलं. तिला सिद्ध करायचं होतं. कपाट बोटभर उचललं गेलं. मग तिच्या पाठीत काहीतरी सणकलं आणि ती "आई गं!" म्हणून भिंतीला टेकत खाली बसली. तिचा चेहरा घामाने डबडबला. इतक्या वर्षांत मी तिला कळवळताना पाहिलं नव्हतं.

सासूबाई आतल्या खोलीतून आल्या. एकटीने, भिंत धरत. त्यांनी तिच्याकडे बघितलं, गुंडाळलेल्या गादीकडे बघितलं.

"कोट आण माझा," त्या मला म्हणाल्या. "आणि खाली सगळ्यांना सांग. दवाखान्यात जायचंय."

"आई, परवान्याचं काय?"

"परवाना घाल चुलीत."

दवाखाना बंद व्हायच्या आत आम्ही पोचलो. शेजारच्या भाजीवाल्याच्या हातगाडीवर दोघी जणींना बसवलं होतं, एका बाजूला पैलवान, दुसऱ्या बाजूला सासूबाई. बाकीच्या गाडी ढकलत होत्या. डॉक्टरीणबाई कोट काढून निघायच्या बेतात होती. आम्हाला बघून तिने तो पुन्हा घातला.

सासूबाई गाडीवरून उतरल्या नाहीत. तिथूनच बोलायला लागल्या, आणि मी भाषांतर करत सुटले. "बाई, तुमचं मशीन चांगलं आहे. लबाड आम्ही आहोत. त्या गाडीत दहाही वेळा ही एकटी आली होती. पाठवलं मी. या सगळ्यांना मी भरीस घातलं. मला सत्तर वर्षं झालीत, माझा डावा गुडघा कामातून गेलाय, मला नीट दिसत नाही, दात चारच उरलेत, आणि हाडं कशी असतील ती देव जाणे. मला कुठं पाठवायचं तिथं पाठवा. हिला आधी बघा."

डॉक्टरीणबाईने तोंडावर हात ठेवला. ती चिडली असं मला वाटलं. मग कळलं, ती हसू दाबतेय.

"म्हणजे माझं मशीन धडधाकट आहे?" ती म्हणाली. "अहो, ते परत पाठवलं म्हणून मी वरिष्ठांची किती बोलणी खाल्ली!" मग तिने पैलवानला आत निजवलं, पाठ दाबून बघितली, फोटो काढला, आणि बऱ्याच वेळाने बाहेर येऊन मला आत बोलावलं. मी आत गेले तशा बाकीच्या दहाही आत घुसल्या. तिने नाद सोडून दिला.

"नवीन काही मोडलेलं नाही," ती म्हणाली. "जुना दबलेला मणका आहे, त्यानेच आज तक्रार केली. तपासणी पुन्हा करायची गरज नाही, एकाच बाईची दहा वेळा झालीय, इतकी पक्की तपासणी आमच्याकडे कुणाचीच नाही. पण मला सांगा, या वयात हाडं अशी का? तुम्ही कुठल्या गोळ्या घेता का?"

पैलवानने ब्लाऊजमधून एक पुडी काढली. छावणीतल्या डॉक्टरने धाप लागते म्हणून दिलेल्या गोळ्या. त्याने आठवडाभर घ्यायला सांगितलं होतं. पण त्या घेतल्या की तिला बरं वाटायचं, अंगात जोर यायचा, तोंड भरायचं, वजन वाढायचं. लोक दणकट म्हणायला लागले. मग तिने त्या सोडल्याच नाहीत. इकडून तिकडून मिळवून इतकी वर्षं रोज घेत राहिली.

"हे गोल तोंड, ही भरलेली मान," डॉक्टरीणबाई म्हणाली, "ते सगळं या गोळ्यांचं आहे. आणि हाडं पोखरली तीही यांनीच. आता या एकदम थांबवायच्या नाहीत, हळूहळू कमी करायच्या, मी सांगेन तशा. धापेसाठी तोंडाने श्वासातून ओढायचं औषध देते. हाडांसाठी वर्षातून एक इंजेक्शन. आणि यांना नीट चालायला शिकवू, व्यायाम शिकवू. खुर्चीत घालून उन्हात वाळवू नका. ती उशीही सोडा."

मी भाषांतर करत होते. शिंपीणबाईने गुपचूप उशीची दोरी सोडली.

"आणि तुम्ही दहा जणी," ती पुढं म्हणाली, "मशीन आलं की स्वतःच्या पायाने यायचं, स्वतःची कंबर घेऊन. हाडं कशीही निघाली तरी तुम्हाला इथून कुणी कुठं पाठवत नाही. 'पुढचं बघू' म्हणजे औषध बघू."

हे मी दोनदा सांगितलं. मास्तरीणबाई चष्मा पुसायला लागल्या. सासूबाईंनी नुसती मान हलवली, पण त्यांचे खांदे खाली आले. ते इतकी वर्षं वर चढवलेले होते हे मला तेव्हा कळलं.

डॉक्टरीणबाई कम्प्युटरसमोर बसली. "यांचं नाव नव्याने घालते. इंजेक्शनला सोबत कोणीतरी लागेल, घरी लक्ष ठेवायला लागेल. यांचं जवळचं कोण?"

मी विचारलं. पैलवान टेबलावर पाय लोंबकळत सोडून बसली होती. तिने खाली बघूनच उत्तर दिलं. "कुणी नाही. तसंच लिहायला सांग."

"बहीण," शिंपीणबाई एकदम म्हणाली. "मी बहीण आहे तिची."

"मावशी," मास्तरीणबाई म्हणाल्या. "सख्खी."

मग एकच गलका उडाला. कुणी चुलती झाली, कुणी मामी, कुणी आतेबहीण. एक तर विहीण झाली, ते कसं ते तिचं तिला माहीत. मी म्हणाले, "भावजय." डॉक्टरीणबाईने दोन्ही हात वर केले. तिला आमची भाषा येत नव्हती, तरी तिला कळलं होतं. ती म्हणाली, "हे बघा, मागच्या वेळी तुम्ही दहा जणींनी मिळून एक बाई दिली होतीत. आता एका बाईला दहा नाती देऊ नका. इथं एकच जागा आहे. खरं सांगा."

सासूबाईंनी काठीसारखा हात माझ्या खांद्यावर टेकवला आणि पुढं झाल्या.

"आई," त्या म्हणाल्या. "लिहायला सांग. मी तिची आई."

डॉक्टरीणबाईने दोघींकडे पाहिलं. एक सुकलेली आणि सावळी, दुसरी गोरी आणि धिप्पाड. नाकात नाही, डोळ्यांत नाही, कशातच साम्य नाही. तिने कम्प्युटरवर टाइप केलं.

पैलवानने वर बघितलं. तिची हनुवटी हलायला लागली, मग खांदे, आणि मग ती हमसाहमशी रडत टेबलावरून उतरायला लागली, सासूबाईंच्या पायांकडे.

"खबरदार!" सासूबाई ओरडल्या. "उभ्याने रडायचं नाही. खुर्चीत बस आणि काय रडायचं ते रड. पडलीस तर मोडशील, आणि तुला उचलायला मला कंबर नाही."